मला आत घेऊ नका

१. जायचं नाही तर जाऊ नये!

ज्याला जुगार सोडायचा आहे त्यानं जुगाराच्या ठिकाणी पाऊल टाकू नये, संपलं. त्यासाठी आपलंच नाव आणि फोटो तिथल्या मालकाकडे नेऊन द्यायचा आणि ‘मी आलो तर मला आत घेऊ नका’ असं सही करून सांगायचं, याला काय अर्थ? परदेशातल्या या सोयीबद्दल बोलायला लागलं की ऐकणारा हटकून हे विचारतो. धुळ्याजवळच्या सोनगीर गावच्या चौकात हाच प्रश्न याहून थोडक्यात येईल : ‘जानं नई ते जाऊ नको ना भो!’

प्रश्न रास्त आहे. पण उत्तराआधी ही सोय नेमकी काय आहे ते पाहू. आपण तिला स्वेच्छाबंदी म्हणू.

ज्या देशांत कॅसिनो कायदेशीर आहेत तिथे बहुतेक ठिकाणी एक अर्ज मिळतो. जुगाराच्या नादातून सुटू पाहणारा माणूस तो स्वतः भरतो, ओळखपत्र दाखवतो, फोटो देतो आणि मुदत निवडतो : सहा महिने, एक वर्ष, पाच वर्षं, कुठे जन्मभर. त्या क्षणापासून कॅसिनोनं त्याला आत घ्यायचं नाही आणि ‘या, तुमच्यासाठी खास सवलत आहे’ असे निरोपही पाठवायचे नाहीत. मुदत संपेपर्यंत त्यालाही अर्ज मागे घेता येत नाही. उद्या मन बदललं, परवा रडत आला, तरी नाही.

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात हा प्रकार १९८९ मध्ये सुरू झाला. अमेरिकेत मिसुरी राज्यानं १९९६ मध्ये राज्यभराची यादी केली, तीही जन्मभराची. यादीत नाव असताना कुणी आत शिरला तर ती दुसऱ्याच्या जागेत घुसखोरी धरली जायची, म्हणजे गुन्हा. शिवाय जिंकलेले पैसे जप्त. ही जप्ती मला सगळ्या व्यवस्थेतलं सर्वांत शहाणं कलम वाटतं. चोरून आत गेलेला माणूस हरला तर हरलाच, आणि जिंकला तरी हाती काही येत नाही. मग खेळायचं कशासाठी? पुढे २०१२ मध्ये मिसुरीनं पाच वर्षांनंतर नाव काढून घ्यायची मुभा दिली. जन्मभराच्या भीतीनं लोक सहीच करत नाहीत, हा धोका त्यात होता.

२. सकाळचा माणूस, संध्याकाळचा माणूस

आता मूळ प्रश्न. न जाणं इतकं अवघड का असतं?

सोनगीर हे मुंबई-आग्रा महामार्गावरचं गाव. धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की वीसेक किलोमीटरवर लागतं. उशाला छोटा किल्ला आहे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे गावाचं नाव दूरवर गेलेलं आहे. समजा, इथला एक कारागीर आहे. सकाळी हंड्यावर ठोके घालताना त्याला सगळं लख्ख दिसत असतं : कालचे सातशे गेले, पोराची फी राहिली, आज जायचं नाही. हा निश्चय खोटा नसतो. संध्याकाळी मजुरी हातात पडते, चहाच्या टपरीवर कुणी म्हणतं ‘आज मटक्यात सत्ता येणार’, आणि सकाळचा हिशेब डोक्यात असूनही त्याचा जोर ओसरतो. शरीर तेच, माणूस दुसरा.

याचं कारण मेंदूच्या कामकाजात आहे. दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसाची मेंदूला सवय होते आणि त्याची गोडी कमी होते. कधी मिळतं, कधी नाही, केव्हा मिळेल सांगता येत नाही, अशा बक्षिसाची मात्र चटक लागते. त्यातही थोडक्यात हुकलेला डाव फार वाईट. मटक्यात सहा लावला आणि सात आला, तर गणिताच्या दृष्टीनं तो दोन आल्याइतकाच हरलेला असतो. पण खेळणारा म्हणतो, ‘एकानं हुकला!’ आणि हरल्याच्या दुःखाऐवजी जिंकता जिंकता राहिल्याची चुटपुट घेऊन घरी जातो. उद्या परत यायला ती पुरते.

डॉक्टर मंडळींनीही हे उशिरा मान्य केलं. २०१३ मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं आपल्या निदान-पुस्तिकेत जुगाराच्या विकाराला दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या पंक्तीत बसवलं. त्यासाठी नऊ लक्षणं दिली आहेत. त्यांतली चार वर्षभरात दिसली तर निदान होतं. गेलेले पैसे भरून काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणं, घरी खोटं बोलणं, तीच झिंग यावी म्हणून रक्कम वाढवत नेणं, सोडायचे प्रयत्न वारंवार फसणं, ही त्यांतली काही. सोडायचे प्रयत्न फसणं हे स्वतःच लक्षण आहे, इकडे जरा लक्ष द्या. ‘जाऊ नको ना भो’ हा सल्ला नेमका तिथेच निकामी होतो. खोकणाऱ्याला ‘खोकू नकोस’ म्हणण्यातला तो प्रकार.

स्वेच्छाबंदीची युक्ती एवढीच, की सकाळच्या माणसानं संध्याकाळच्या माणसाचे हात बांधून ठेवायचे, आणि दोरीचं टोक तिसऱ्याच्या हाती द्यायचं.

आपल्याकडे हे नवं नाही. गावातला एखादा दारू पिणारा पंढरपूरला जाऊन तुळशीची माळ घालतो. माळ घातल्यानं दारूची ओढ त्या दिवशी संपत नाही. पण ती गळ्यात सगळ्यांना दिसते. लग्नात वाढणारा मटणाचं भांडं घेऊन त्याच्या पानापुढे थांबत नाही, जुने सोबती बाटली पुढे करायला कचरतात, आणि मोह अनावर होऊन तो गुत्त्यावर गेलाच तर गुत्तेवालाही विचारतो, ‘बुवा, माळ घातली ना?’ निश्चय त्याचा एकट्याचा होता, पण तो राखायला गाव लागलं. स्वेच्छाबंदीत हेच काम कागद करतो. फरक एक : माळेला गुत्तेवाला लाजेखातर मान देतो, कागदाला कॅसिनोवाल्यानं कायद्यानं मान द्यावा लागतो.

३. नाल

इथे वाचक म्हणेल, ठीक आहे, पण एकदा गेलेलं सगळं परत जिंकून मग कायमचं उठावं, हा मार्ग नाही का? प्रत्येक जुगाऱ्याचं हे स्वप्न असतं, म्हणून त्याचा हिशेब एकदा मांडू.

पत्त्यांच्या अड्ड्यावर पाच जण बसले. प्रत्येकाकडे हजार रुपये, म्हणजे एकूण पाच हजार. अड्डेवाला स्वतः खेळत नाही. तो जागा, सतरंजी आणि चहा पुरवतो आणि प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, त्याला नाल म्हणतात. नाल शंभराला पाच रुपये धरू. प्रत्येक डावात सरासरी पाचशे जमले, तर एका डावाची नाल पंचवीस रुपये. पाच हजारांत पंचवीस किती वेळा जातात? दोनशे वेळा. एका डावाला तीन मिनिटं लागली तर दोनशे डावांना सहाशे मिनिटं, म्हणजे दहा तास. रात्री आठला बसलेली मंडळी याच वेगानं खेळत राहिली तर सकाळी सहाला पाचही जणांचे खिसे रिकामे, आणि सगळे पाच हजार अशा माणसाच्या गल्ल्यात ज्यानं पत्त्याला हातही लावला नाही. मध्ये कोण जिंकलं, कोण हरलं, याला महत्त्व उरलं नाही.

मटक्याचं गणित याहून सरळ. एका आकड्याला एकास नऊ असा भाव धरा. शून्यापासून नऊपर्यंत दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर शंभर गेले आणि नव्वद आले. म्हणजे कुठलाही आकडा लावा, शंभरातले सरासरी दहा बुकीचे. जिंकलेलं परत लावत राहिलं तर शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्क्याऐंशी, असं करत सातव्या फेरीला अठ्ठेचाळीस उरतात. एखाद्याला मोठा आकडा लागतोही, त्याचीच गोष्ट गावभर होते. बाकीच्यांची होत नाही.

(मटक्याचा जन्मही कापसातून झाला, हे कापूस पिकवणाऱ्या खान्देशातल्या वाचकाला सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडताना आणि बंद होताना काय भाव लागेल, यावर मुंबईत सट्टा चालायचा. मटक्यातले ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. पुढे १९६२ मध्ये कल्याणजी भगतनं आणि १९६४ मध्ये रतन खत्रीनं मुंबईत आपापला मटका सुरू केला आणि कापूस मागे पडून नुसते आकडे राहिले.)

नालीच्या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. नालीवर जगणाऱ्याला रात्रभर बसणारं गिऱ्हाईक हवं असतं. स्वेच्छाबंदीत ज्याला दारात अडवायचं तोच मालकाचं सर्वांत चांगलं गिऱ्हाईक असतो. मालक त्याला अडवेल ही अपेक्षा वरचा दंडुका असल्याशिवाय भाबडी ठरते.

४. दाराला धनी लागतो

कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या एका कॅसिनोचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. पूर्वी अशी बंदी घेतलेल्यांपैकी तीनातल्या एकाहून थोडे अधिक जण मुदत चालू असतानाच परत आत जाऊन खेळले होते. दारावरचा रखवालदार हजारो चेहऱ्यांतून एक फोटो ओळखणार तरी कसा? दुसरी पळवाट शेजारची. या कॅसिनोत बंदी घेतली तर पलीकडच्या गल्लीतला उघडाच आहे.

म्हणून नंतरच्या व्यवस्था एकेका दाराऐवजी सगळ्या दारांना एकत्र बांधतात. ब्रिटनमध्ये २०१८ मध्ये ‘गॅमस्टॉप’ आलं. एकदा नाव नोंदवलं की परवाना असलेली प्रत्येक ऑनलाइन जुगार कंपनी बंद, आणि ३१ मार्च २०२० पासून त्यात सामील होणं कंपन्यांना सक्तीचं झालं. ऑस्ट्रेलियानं ऑगस्ट २०२३ मध्ये ‘बेटस्टॉप’ सुरू केलं. त्यात तीन महिन्यांपासून जन्मभरापर्यंत मुदत घेता येते. अशा यादीत परवानाधारक कंपनी खेळाडूला खातंच उघडू देत नाही. रखवालदाराच्या नजरेपेक्षा हे पक्कं.

पण सगळ्याची चावी ‘परवाना’ या एका शब्दात आहे. परवाना गमावण्याची भीती असलेलाच दार राखतो.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्रात जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे. १९७६ मध्ये विधिमंडळानं कॅसिनोला परवानगी देणारा एक कायदा केला, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. त्यामुळे नाशिकपासून नंदुरबारपर्यंत एकही कायदेशीर कॅसिनो नाही, आणि जो अड्डा कागदावर अस्तित्वातच नाही त्याच्या मालकाकडे अर्ज कोण घेऊन जाणार? गुत्तेवाला निदान लाजतो. अड्डेवाला उधारी देतो.

सर्वांत जवळचं कायदेशीर दार गोव्यात. तिथे जुगाराच्या कायद्यातल्या १९९२ च्या दुरुस्तीनं पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना आणि १९९६ च्या दुरुस्तीनं जहाजावरच्या जुगाराला वाट मिळाली. पणजीत मांडवीवर रात्री उजळलेली जहाजं उभी असतात ती हीच. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे. म्हणजे गोवा सरकारला धोका पुरता कळलेला आहे. फक्त ती बंदी घरच्यांपुरती आहे. धुळ्या-जळगावहून गाडी करून गेलेल्या मित्रमंडळाचं तिथे स्वागतच होतं.

मोबाइलवरचं दार वेगळं. २२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणं गुन्हा ठरलं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. नावाजलेल्या कंपन्यांनी रमी आणि क्रिकेटच्या पैशांचे खेळ लगोलग बंद केले. रात्री अंथरुणात रमी खेळून उसाचे आणि कापसाचे पैसे घालवणारी पोरं ज्या घरांत होती, त्या घरांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. मीही बंदीच्या बाजूचाच. पण परदेशातून चालणारी बेकायदा अॅप्स आणि व्हॉट्सअॅपवरचे मटकेवाले उरलेच आहेत, आणि त्यांच्या दारावर कुणाचं नियंत्रण नाही.

५. अर्ज घरच्यांनी केला तर?

सिंगापूरनं २०१० मध्ये पहिले कॅसिनो उघडले, पण त्याआधीच तिथल्या सरकारनं जुगाराच्या समस्येसाठी राष्ट्रीय मंडळ नेमलं होतं. तिथला नागरिक कॅसिनोत शिरताना आधी दीडशे डॉलर प्रवेश कर भरतो. सुरुवातीला तो शंभर होता, २०१९ मध्ये वाढवला. दिवाळखोरांना आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना बंदी आपोआप लागू होते. स्वेच्छाबंदी आहेच. पण आपल्या कामाची गोष्ट पुढची : बायको, नवरा, आईवडील, मुलं किंवा भावंडं यांनाही अर्ज करता येतो. मंडळाचे लोक दोन्ही बाजू ऐकून घेतात आणि नुकसान खरं असेल तर बंदीचा हुकूम देतात.

कुणी म्हणेल, हा तर त्या माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला. म्हणणं खोटं नाही, आणि म्हणूनच तिथे नुसत्या तक्रारीवर काम होत नाही, सुनावणी होते. पण शेती बापाच्या नावावर, दागिने बायकोचे आणि कर्जाला जामीन भाऊ, अशा घरात एकाच्या हरण्याची किंमत पाच जण मोजतात. मला तरी त्या पाचांना तोंड असावं हे योग्य वाटतं.

६. दार नाही, तर खिसा

सोनगीरच्या कारागिराला अर्ज द्यायला दार नाही. त्याच्या सकाळच्या निश्चयाला बांधायची जागा मग कुठली? मला एकच दिसते : पैसा हातात येतो ती जागा. अड्डे पाच असतील, आकडा घेणारे दहा असतील, पण मजुरी देणारा शेठ एक असतो, दुधाचे पैसे एका डेअरीतून येतात, कापूस एकाच व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. तिथे आधी सांगून ठेवायचं : ‘शेठ, माझी मजुरी रोख देऊ नका, घरच्या खात्यावर टाका. मी मागितली तरी देऊ नका.’ शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण संध्याकाळी मागायला तोच येणार आहे. बँकेत दोघांच्या सहीशिवाय पैसे निघणार नाहीत असं खातं उघडता येतं. कार्डाचा ऑनलाइन वापर बंद ठेवता येतो. फोनवरून पैसे पाठवायची सोय असलेल्या खात्यात आठवड्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवता येते. यातलं एकेक कच्चं आहे. पण दोनशे रुपये काढायला तीन माणसांना तोंड द्यावं लागलं की तेवढ्या वेळात कधी कधी संध्याकाळ निघून जाते.

उधारीचा बंदोबस्त वेगळा. हरलेल्याला सर्वांत जास्त भीती ‘जुगाराचं देणं’ फेडायची असते, आणि ते फेडायला तो पुन्हा खेळतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमानुसार पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. मुंबई इलाख्यानं तर १८६५ मध्येच आणखी पुढे जाऊन, जाणूनबुजून जुगारासाठी दिलेल्या पैशालाही कोर्टाचं दार बंद केलं होतं, आणि खान्देश तेव्हा त्या इलाख्यातच होता. विनापरवाना सावकारानं जुगाऱ्याच्या सहीवर जमीन लिहून घेतली असेल तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याकडे, तक्रार करता येते. धमक्या थांबतीलच असं नाही, पण सातबारा त्या माणसाच्या घशात घालण्याआधी घरानं एकदा वकिलाला विचारावं.

आणि औषधपाणी. दार किंवा खिसा बंद केल्यानं ओढ जात नाही, फक्त वेळ मिळतो. त्या वेळात उपचार झाले नाहीत तर माणूस दुसरी वाट शोधतो. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात. ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे आणि मराठीतून बोलते. आयुष्य संपवण्याचे विचार येत असतील तर हा फोन त्याच दिवशी करायचा, बाकी हिशेब नंतर. जुगार सोडणाऱ्यांचे स्वमदत गट १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू झाले, भारतातही ते चालतात. पुण्याच्या मुक्तांगणनं १९८६ पासून दारूच्या व्यसनात जी रीत रुजवली, आजचा एक दिवस सांभाळायचा आणि घरच्यांनाही उपचारात धरायचं, ती इथेही लागू पडते.

७. आखाजी

परदेशी बंदीला सगळ्यांत मोठा धोका मुदत संपते त्या दिवशी असतो. गॅमस्टॉपमध्ये म्हणून मुदत संपली तरी दार आपोआप उघडत नाही. फोन करून मागावं लागतं आणि त्यानंतरही एक दिवस थांबावं लागतं.

खान्देशात असा दिवस पंचांगातच छापलेला आहे. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आखाजीला, गावोगाव पत्त्यांचे डाव पडतात. वर्षभर अड्ड्याकडे न फिरकणारे सज्जनही त्या दिवशी बसतात आणि ‘सणाचं आहे’ म्हणून कुणी काही बोलत नाही. नादातून बाहेर पडू पाहणाऱ्याला याहून अवघड दिवस नाही, कारण त्या दिवशी त्याला अडवणारं गावच पत्ते पिसत असतं. त्यातच सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल याच सणाला संपतं आणि नवं ठरतं. मागच्या वर्षाचा हिशेब आणि पुढच्या वर्षाची उचल एकाच वेळी हाती येते.

म्हणून कुटुंबानं जो काही करार केला असेल त्यात आखाजीचा वेगळा उल्लेख हवा. उचल मालकानं कुणाच्या हाती द्यायची हे आठवडाभर आधी ठरवायचं. ‘बायकोच्या हाती’ हे उत्तर चटकन सुचतं, पण आखाजीला लेकीबाळी माहेरी गेलेल्या असतात. वर्षभर पैसे सांभाळणारी नेमकी त्या दिवशी गौराईची गाणी म्हणत दुसऱ्या गावी झोक्यावर असते. तेव्हा नवऱ्यानं तिच्याबरोबर सासुरवाडीला तरी जावं, नाहीतर त्या दिवसापुरता दुसरा राखणदार नेमावा : बाप, थोरला भाऊ, मामा, कुणीही. तो स्वतः डावावर बसणारा नसावा, हे मात्र खान्देशात वेगळं सांगावं लागतं.